आवाज न करणारी बस

३ नोव्हें.
आजपासून परभणी-पिंगळी संध्याकाळची बॅटरीवरची बस. महिनाअखेरपर्यंत चाचणी. माणसं बसली तर कायम, नाहीतर बंद. आमच्या सूनबाईचं, मीराचं, परभणीतलं नर्सिंग या एका फेरीवर अडलंय. मुलगा पुण्याला. माझी शाळा परभणीतच, म्हणून शाळा सुटल्यावर थांबून मीच तिला मोटरसायकलवर आणायचो. पण समोरून दिवे आले की मला रस्ताच दिसत नाही. परवा दोघंही खड्ड्यात. मीरा म्हणाली, "मामा, मी कोर्स सोडते."
बस मात्र देखणी! धूर नाही, खडखड नाही. उतरू नये असं वाटलं.

४ नोव्हें.
फजिती. स्टँडवरची आपली रीत: सीटवर दस्ती, म्हणजे हातरुमाल, नाहीतर टोपी टाकायची अन् चहाला जायचं. इंजिन गुरगुरलं की पळत यायचं. ही गुरगुरलीच नाही! वेळ झाली, गेली. आत सीटोसीट दस्त्या, माणूस एकटी मीरा. मी टपरीवर, हातात कप.
पोरीनं सगळ्या दस्त्या घड्या करून घरी आणल्या. सौ. हसून हसून बेजार.

७ नोव्हें.
रोज तेच. सवय जाता जाईना. आज वाहतुकीचं नियोजन बघणारे साहेब आले होते. रिकामी बस बघून म्हणाले, "पिंगळीला प्रवासी नाहीत." कंडक्टरला म्हटलं, शिट्टी तरी मारा. "टपरीपर्यंत ऐकू जात न्हाई, गुरुजी."

८ नोव्हें.
सौ. म्हणाली, "बस मुकी हाय, आपण न्हाईत." दुपारीच परभणीला हजर. सुटायच्या आधी बसच्या पायरीवर उभी राहिली अन् हाक दिली, "पिंगळीवाले, चला ओऽऽ! दस्ती जायलीय, तुमी मागंच!" या बांधावरून त्या बांधावर हाका मारलेला गळा तो. टपरी रिकामी, बस भरली.
माझी बायको! छाती फुगली. तिला सांगितलं नाही, इथं लिहितो.

१५ नोव्हें.
रोज येते, हाक देते, त्याच बसनं परत. दमशील म्हटलं तर, "मी गार हवा खायला जायलेय, तुमचं काय जायलंय?" मोटरसायकलवालेही गाड्या घरी ठेवून येऊ लागलेत. आराखडा साहेबांचा, कबूल. पण बस भरली हिनं.

२८ नोव्हें.
नेमका आजच सौ.चा घसा बसला, अन् आजच साहेब शेवटची पाहणी करायला. तिनं मला कोपरानं ढोसलं. भर स्टँडात, मी! वर्गात ओरडणं वेगळं. चढलो पायरीवर. "पिंगळीवाले..." आवाज चिरकला. टपरीवर हशा. एकजण ओरडला, "गुरुजी, बाईंना बोलवा!" पण उठले सगळे. साहेबांना सीट मिळाली नाही, पिंगळीपर्यंत उभे. उतरताना एवढंच, "कळवतो."

१ डिसें.
चाचणी काल संपली, अजून निरोप नाही. सकाळी निघताना मीरानं विचारलं, "मामा, संध्याकाळी बसनंच ना?" मी सौ.कडे बघितलं. तिला अजून बोलता येत नाही. तिनं धुतलेली दस्ती मीराच्या पर्समध्ये घातली अन् खिडकीची सीट धर, अशी खूण केली.
हाक मी देणार. बस आली तर.