न लागलेलं ग्रहण

२ डिसेंबर १९९०, रियाध
पोचलो एकदाचा! कुवेतच्या भानगडीमुळे लोक इथून पळताहेत आणि मी उलटा आत. सांगलीत सगळ्यांनी वेड्यात काढलं. पण विमान अर्धं रिकामं होतं, तीन खुर्च्यांवर आडवा होऊन मजेत आलो. अल सुलैमध्ये गोदामांच्या मागे गफूरभाईंचं घर आहे, तिथली एक खोली मला मिळाली. ते दापोलीकडचे, इथे गोदाम सांभाळतात. बायको हलिमा, पाचवा महिना. पहिल्या खेपेला तिचं मूल राहिलं नाही, म्हणून तिला जपणं हेच घरातलं मुख्य काम. आल्या आल्या तिने कोळंबीचं कालवण वाढलं आणि मला भाऊ करून टाकलं. नशीब काढलं म्हणायचं.

१५ डिसेंबर
काम झकास आहे. जुन्या अरबी बखरींत नोंदलेली सूर्यग्रहणं संगणकावर मांडून तपासायची. मध्ययुगातली ग्रहणं म्हणजे इतिहासाच्या भिंतीतल्या खुंट्या. अमुक सुलतान ग्रहणाच्या दिवशी वारला असं लिहिलेलं असलं, की गणिताने तो दिवस पक्का होतो आणि मागची-पुढची राज्यं त्या खुंटीला टांगता येतात. काही ग्रहणं मात्र गणितात सापडतच नाहीत. राजाचं मरण मोठं दिसावं म्हणून बखरकारांनी ठोकून दिलेली! आज असंच एक पकडलं आणि खूप हसलो. आमचे प्रमुख फहादसाहेब हसले नाहीत. त्यांचं म्हणणं, त्या गावात भरदुपारी दिवे लावल्याचं तिघांनी वेगवेगळं लिहून ठेवलंय. आधी कुणीतरी ग्रहण लागणार अशी थाप मारली होती, आणि मग ते लागलं. विद्वान माणसंही काय काय मानतात.

२२ जानेवारी १९९१
युद्ध पेटलंय आणि क्षेपणास्त्रं थेट रियाधवर येताहेत. भोंगा झाला की विषारी वायूच्या भीतीने, खिडक्यांना चिकटपट्ट्या लावलेल्या खोलीत आम्ही तिघं मुखवटे चढवून बसतो. घाबरून मला माझ्या मुखवट्याचा पट्टाही सापडत नाही, तो हलिमा बांधते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं गफूरभाई चिडवतात. आज ते म्हणाले की शुक्रवारी सकाळी हलिमाला घेऊन गाडीने जेद्दाला जाणार, तिच्या भावाकडे, कादिरकडे. मला नेता येत नाही. कफीलने, म्हणजे मला इथे कामावर आणणाऱ्या मालकाने, कागद दिल्याशिवाय मी शहर सोडू शकत नाही. म्हणजे या घरात मी एकटा.

२३ जानेवारी
लिहायला लाज वाटते. जेवताना मी सहज बोलल्यासारखं म्हणालो की शुक्रवारी खग्रास सूर्यग्रहण आहे. हलिमाचा घास हातातच राहिला. ग्रहणात पोटुशीने उंबरा ओलांडायचा नाही, हे तिच्या आजीपासून चालत आलेलं. गफूरभाई म्हणाले, धर्मात ग्रहणाची फक्त नमाज आहे, बाकी सगळं बायकांचं. पण या खेपेला धोका नको. जाणं रविवारवर गेलं. अमावास्या होऊन आठवडा लोटलाय, शेंबड्या पोरानेही मला पकडलं असतं. पण मी पडलो ग्रहणांचा जाणकार! त्यांनी माझे आभार मानले. मी पुन्हा भात वाढून घेतला.

२५ जानेवारी, शुक्रवार
दुपारी अंधारलं. पेटलेल्या तेलाचा धूर असेल म्हणून बाहेर जाऊन पाहिलं. धूर नाही. सूर्याच्या जागी काळी चकती, भोवती पांढरी कड. चंद्र तर पूर्वेला आहे, अर्ध्याहून मोठा, स्वच्छ दिसतो. मग सूर्यावर आहे ते काय?

फहादसाहेबांना फोन लावला. याच शहरात, पण त्यांच्याकडे लख्ख ऊन. त्यांनी विचारलं की तुम्ही कुणाला सांगितलं होतंत का. मी फोन ठेवून दिला.

तोच दिवस
सुटत नाही. हलिमाला कळा सुरू झाल्या — सातव्यातच. दवाखाना जवळ आहे, गाडी दारात आहे. पण ग्रहणात ती बाहेर पडणार नाही.

गफूरभाईंना सगळं सांगून टाकलं. हात जोडले. ग्रहण नव्हतंच, मला एकटं राहायची भीती वाटली म्हणून मी खोटं बोललो. त्यांनी दार किलकिलं करून मला आभाळ दाखवलं, खांद्यावर हात ठेवला.

"बरा झाला तुमी सांगितलंत. नायतर आता वाटेत असतो आमी."

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नंतर
कळा वाढल्या — ती ओरडते आहे. अंधार तसाच. फहादसाहेबांचा फोन लागत नाही. आणखी एक खोटं, एवढंच माझ्या हातात होतं. म्हणालो, सुटलं. मान खाली घालून गाडीत बसा, इतक्यात वर बघायचं नसतं.

ऐकलं त्यांनी. अजूनही माझंच ऐकतात — जाताना ती भाऊ म्हणाली. दार लागलं.

गाडी सुरू झाल्याचा आवाज नाही.

गफूरभाईंना हाका मारल्या — उत्तर नाही —

हलिमा बोलते आहे. सुटला ना, भाऊ — पुन्हा पुन्हा तेच. आवाज अंगणातून नाही. वरून — छपराच्याही वरून, ती काळी चकती आहे तिथून — माझ्या तोंडून ऐकायचंय तिला — आणि मी हो म्हटलं तर