जेपी खुर्ची ढकलत नाहीत

१३ नोव्हेंबर २०१५, शुक्रवार, ओमान

आजही ढकलली नाही.

हायपरमार्केटच्या दारातून क्षितिज गाडी आणायला गेला. जाताना म्हणाला, "बाबा, आईला तेवढं उतारावरून खाली आणा." जेपींनी दोन्ही हात पँटच्या खिशात घातले. मी व्हीलचेअरमध्ये, मांडीवर केळी आणि कोथिंबीर, आणि पंचेचाळीस वर्षं संसार केलेला माणूस शेजारी पहारेकऱ्यासारखा उभा. शेवटी ट्रॉल्या गोळा करणाऱ्या बांगलादेशी मुलाने मला खाली आणलं. जेपी त्याला थँक यू म्हणाले. मॅनर्स आहेत!

खुबा मोडला माझा आणि लाज वाटते यांना.

हे इंग्रजीत लिहिलं असतं तर रेवाने वाचलं असतं. नातीला मराठी वाचता येत नाही, याचं आज प्रथमच बरं वाटतंय.

१५ नोव्हेंबर

क्षितिज पहाटेच दुक्मला कामावर गेला, आता गुरुवारी येईल. सून विशाखा ऑफिसात, रेवा शाळेत. डॉक्टरांनी बजावलंय — रोज व्यायामाला आणा, नाहीतर पाय आखडेल आणि ही खुर्ची कायमची. घरात उरलं कोण? जेपी.

शेजारच्या अर्बाबचा, म्हणजे ओमानी शेठचा, ड्रायव्हर जाफर देवासारखा आला. "यल्ला अम्मा, चलो!" खुर्ची अशी पळवली की माझा चष्मा नाकावरून घसरला. गाडीत विचारलं, गाव कुठलं? "लाहोर के पास, अम्मा." जेपी खिडकीबाहेर बघत बसले ते दवाखाना येईपर्यंत. आमच्या या अल अमेरातमध्ये बघण्यासारखं काय आहे? डोंगर. तेही बोडके.

१८ नोव्हेंबर

नॅशनल डे. गल्लीभर झेंडे आणि दिव्यांच्या माळा. रेवाला सुट्टी. मला म्हणते, "आजी, आजोबा ट्रॉली ऑल्वेज पुल करतात. पुश का नाही करत?"

पोरीचे डोळे तिखट आहेत. खरंच की. क्षितिजची बाबागाडीसुद्धा हे पुढून दोरी बांधून ओढायचे. कॉलनीतल्या बायका हसायच्या. स्कूटर बंद पडली तर हँडल धरून ओढत आणायचे. मागून धक्का मी द्यायची, नऊवारीतल्या सासूबाईंसमोर. बागेत रेवाला झोका दिला नाही कधी. मी म्हणत आले — सार्जंटसाहेबांचा तोरा. कॉन्व्हेंटची मुलगी केली आणि तिलाच धक्का द्यायला लावला. चारचौघांत म्हणायची हे. हशा व्हायचा. जेपीही हसायचे.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

भांडण. क्षितिज म्हणाला, "आई, एखादी नर्स ठेवू या का?" मी म्हटलं, "ठेव. आणि वडिलांसाठी एक शोकेस आण. आत उभे राहतील." विशाखा चहा टाकते म्हणून आत पळाली.

मग मी सांगून टाकलं. मी नाशिकला जाते, जुन्या शेजारणीकडे, जयवंतीकडे. तळमजल्यावर राहते, हाताशी बाई आहे, आणि मुख्य म्हणजे तिला माझी लाज वाटत नाही. एकटी जाते. पुढचं पुढे बघू.

जेपी पांढरे पडले. "कुठेही जा. तिच्याकडे नको."

जयवंतीने यांचं काय घोडं मारलंय?

२१ नोव्हेंबर

जयवंतीला फोन केला. "अगं ये ना मंगला! दोघी मिळून भांडू." तिचा आवाज अजून तसाच, सकाळच्या रेडिओसारखा.

एकाहत्तर साली आमची एअरफोर्सची क्वार्टर्स भिंतीला भिंत लावून होती. तिचे एकनाथ भाऊजी आणि जेपी दोघंही सार्जंट, दोघंही मालवाहू विमानावर — सामान चढवायचं, उतरवायचं. चार इंजिनांची अजस्र विमानं. आदल्या महिन्यापर्यंत त्यांतून तांदूळ आणि जीपगाड्या जायच्या. लढाई सुरू झाली आणि त्यांच्याच पोटात बॉम्ब भरले. मागचं दार उघडून बाहेर सोडायचे. आम्हाला हे नंतर कळलं. तेव्हा एवढंच माहीत की संध्याकाळी जातात आणि पहाटे परततात.

एका पहाटे एकनाथ भाऊजी परतले नाहीत. बेपत्ता. जेपी आमच्या घरी यायच्या आधी तिच्या दारात गेले. मी भिंतीपलीकडून ऐकलं — "वहिनी, पॅराशूट होतं त्याच्या पाठीवर. मी बघितलंय."

जयवंती तेव्हा बावीस-तेवीसची. अजून मंगळसूत्र घालते. दर डिसेंबरला मीच तिला फोनवर म्हणते, पॅराशूट होतं गं, काय सांगावं! जेपी कधी फोनवर आले नाहीत. माणूसघाणे.

२३ नोव्हेंबर

बॅग भरायला घेतली. बसल्या जागेवरून जेवढं भरता येईल तेवढं. जेपी दारात उभे. "मंगला, खरंच जाणार?" मी म्हटलं, "कारण द्या, राहते."

ते गॅलरीत जाऊन बसले.

२४ नोव्हेंबर

दुपारी जेवण झाल्यावर सांगितलं. माझ्याकडे न बघता, समोरच्या डोंगराकडे बघून. जमेल तसं लिहून ठेवते.

बॉम्ब लाकडी फळ्यांवर बांधलेले, फळ्यांखाली रूळ. विमानाच्या पोटात हे चारपाच जण. अंधार, गोठवणारी थंडी, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क — ओरडलं तरी कुणाला ऐकू जात नाही. पुढून बेल वाजली की ढकलायचं. एवढंच काम. बेल, ढकल. "हातगाडीवाल्याचं काम," म्हणाले.

त्या खेपेला एक फळी दाराशी अडकली. एकनाथ भाऊजी लाथ मारून सोडवायला पुढे गेले. कमरेचा दोर पुरेना म्हणून सोडला. पॅराशूट आधीच काढून ठेवलेलं, त्याने वाकता येत नसे.

"बेल वाजली. मी ढकललं."

फळी गेली. बॉम्ब गेले. यांनी डोकं वर केलं तर दारात कुणी नव्हतं.

पॅराशूट आत खुंटीवर लटकत होतं. खाली उतरल्यावर यांनी ते इतरांच्या ढिगात ठेवून दिलं. मग सरळ जयवंतीच्या दारात. खरं सांगायलाच गेले होते, म्हणाले. तिने दार उघडलं, ओले हात पदराला पुसले आणि विचारलं, "चहा टाकू का, भाऊजी?" — आणि तोंडातून ते पॅराशूटचं निघालं.

मी विचारलं, "खाली काय होतं?"

"ठाऊक नाही. लाहोरच्या आसपास कुठेतरी. अंधार होता." मग म्हणाले, "जाफरच्या वडिलांना ठाऊक असेल."

२५ नोव्हेंबर

बोलले नाही. माझ्या जिभेला बोलायला काही सापडत नाही, असा हा पहिलाच दिवस.

२६ नोव्हेंबर

बोलले. फार वाईट बोलले. म्हटलं, बाबागाडी ओढताना मी हसवलं लोकांना, तेव्हा एका शब्दाने सांगायचं होतं. म्हटलं, तिचं आख्खं आयुष्य वाट बघण्यात गेलं, आणि तुमचं खोटं दरवर्षी तिच्या कानात मी ओतलं. मला हमाल केलंत तुमच्या खोट्याचा.

जेपी म्हणाले, "हो."

भांडायला समोरून काहीतरी लागतं. तेही नाही.

मग म्हणाले, "मीही येतो नाशिकला. तिला मीच सांगतो."

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

क्षितिजने संध्याकाळी मत्रहच्या कॉर्निशवर, समुद्राकाठच्या रस्त्यावर, सोडलं आणि रेवाला घेऊन आइस्क्रीम आणायला गेला. समुद्र शांत. जेपी खुर्चीशेजारी, हात खिशात. मी म्हटलं, "ओढा."

कळलं नाही त्यांना. मी म्हटलं, "ढकलू नका. फिरवा आणि ओढा."

त्यांनी खुर्ची उलटी फिरवली, मुठी धरल्या आणि चालू लागले. ते पुढे, मी मागे, तोंड उलट्या बाजूला. आम्ही जिथून आलो तेवढंच मला दिसत होतं — किल्ला, मशिदीचा निळा घुमट, कबुतरं. येणारे-जाणारे वळून बघत होते. एक ओमानी बाई हसली. मीही हसले. पाठीमागे जेपींचा श्वास ऐकू येत होता. किती वर्षं हा माणूस असा पुढे तोंड करून ओढत आला आणि मी त्याला तोरा म्हटलं.

घरी येऊन क्षितिजला सांगितलं, नाशिकची दोन तिकिटं काढ. दोन? हो, दोन.

४ डिसेंबर

जयवंतीला फोन केला. आम्ही दोघं येतोय, यांना तुला काही सांगायचंय. तिने विचारलं,

"पॅराशूटचं ना?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अगं, आमच्या ह्यांना ते अंगावर चालायचंच नाही. रोज घरी येऊन माझ्यापाशी कुरकुर — गेल्या गेल्या काढून ठेवतो म्हणायचे. भाऊजी दारात उभे राहून खोटं बोलले तेव्हाच कळलं मला. पण तोंड असं झालं होतं त्यांचं, नाही कसं म्हणू? आणि खरं सांगू? माहेरी दादांनी दुसरं स्थळ आणलं की मी म्हणायची, पॅराशूट होतं. गप्प बसायचे. मी माझी शिकले, नोकरी केली."

"आणि मंगळसूत्र?"

"ते माझं आहे."

मग म्हणाली, "भाऊजींना यातलं बोलू नकोस. एवढे येतायत तर सांगू दे. मी दार उघडीन, चहा टाकीन आणि ऐकून घेईन."

जेपी शेजारच्या खोलीत बॅग भरतायत. आणि मी तोंड मिटून बसायचंय — नाशिक येईपर्यंत.