रामहरींची विश्रांती

३ मार्च
नोकरीचा पहिला दिवस! सांगवीतून निघताना आबांनी स्कूटीच्या डिकीत घरची वांगी कोंबली, साहेबांना दे म्हणाले. साहेबांना द्यायला संकोच वाटला, म्हणून वॉचमनकाकांना दिली. बारामतीच्या एमआयडीसीत पशुखाद्याचा कारखाना, आणि त्यात काचेची माझी स्वतःची केबिन. समोर चार डॉक. ट्रक मागं लावतात, पोती भरली की निघतात. प्रत्येक ड्रायव्हरचे तास टॅबवर भरणं हे माझं काम. बटणं दोनच, ‘ड्यूटी’ आणि ‘विश्रांती’. गाडी गेटच्या आत आली की विश्रांती दाबायचं, असं विजयसिंह सरांनी सांगितलं. ते माल पाठवण्याचं सगळं बघतात.

७ मार्च
एक गोष्ट खटकते. रांगेतले ड्रायव्हर झोपतच नाहीत. दर वीस-पंचवीस मिनिटांनी गाडी एक घर पुढं घ्यावी लागते, डोळा लागला की नंबर गेला. सरांना विचारलं तर हसले. गाडी उभी म्हणजे माणूस आरामात, म्हणाले. ड्यूटी लिहिली तर निघण्याआधी त्यांना आठ तास झोपू द्यावं लागेल आणि माल अडकेल. सहा महिन्यांनी तुला कायम करायचंय, असंही म्हणाले. मी मान डोलावली.

११ मार्च
रामहरी नावाचे इंदापूरचे ड्रायव्हर काल दुपारी चारला आत आले. आज एक वाजता भरून झाले. एकवीस तास. डोळे लाल, चप्पल उलट्या पायात. खिडकीशी येऊन म्हणाले, “ताई, डोळ्याला डोळा लागला न्हाय. जागा हुतो म्हणून लिवा. मग चार तास हितंच झोपतो.”
सर मागं उभे होते. मी विश्रांती लिहिली आणि गेट पास दिला. रामहरींनी पास घेतला, माझ्याकडं बघितलं आणि गाडीकडं गेले.

१२ मार्च
रामहरी गेले. काल दुपारी अडीचला, इंदापूरच्या अलीकडं. ट्रक सरळ रस्त्याकडेच्या चारीत. ब्रेक मारल्याची खूणसुद्धा नाही.

१३ मार्च
पोलीस आले होते. सरांनी टॅब दाखवला. एकवीस तास विश्रांती, म्हणजे चूक ड्रायव्हरचीच. खाली नोंद करणाऱ्याचं नाव प्रगती. पोलिसांनी मला विचारलं, बरोबर आहे ना? मी हो म्हणाले.
घरी आबा जेवायला बोलावत होते. त्यांच्या ताटाशेजारी बसवेना.

१७ मार्च
टॅबवर रामहरींचं नाव परत आलंय. डॉक तीन, विश्रांती चालू, १६४ तास. सरांनी स्वतः काढून टाकलं. जेवून आले तर १६५.

१९ मार्च
रांगेत आज एका ट्रकची जागा मोकळी होती. मागच्या गेणबांना गाडी पुढं घ्यायला सांगितलं. ते गेली वीस वर्षं ट्रक चालवतात, उगाच थट्टा करणारे नव्हेत. म्हणाले, “कशी घिऊ? म्होरं गाडी हाय की.”
भर उन्हात मोकळं काँक्रीट. पण त्यावर सावली होती. ट्रकची.

२१ मार्च
इंदापूरला जाऊन आले. खरं सांगायचं ठरवूनच गेले होते. त्यांच्या बायकोनं, म्हाळसाबाईंनी, चहा केला. मी कारखान्यातून आलेय म्हटल्यावर म्हणाल्या, “लोक म्हणत्यात, प्याला असंल. एवढी झोप काढून कुणाला डुलकी लागती व्हय?” मग मलाच विचारलं, “तुमी बघितलं व्हतं का त्यास्नी झोपलेलं?”
मी कपाकडं बघत बसले. चहा पिऊन निघून आले. इतकी मी —

२४ मार्च
दुपारी एकला खिडकीशी कुणीतरी उभं राहतं. मी वर बघत नाही. काचेवर श्वासाची वाफ धरते, पुसली तरी परत.
रामहरींची नोंद बदलून पाहिली. ‘ड्यूटी’ दाबलं. माझ्या डोळ्यांदेखत अक्षरं परत विश्रांती झाली. नुसतं टॅबवर बदलून भागणार नाही, पोलिसांकडं जायला हवं. उद्या जाईन.

२५ मार्च
गेले नाही.

२६ मार्च, दुपार
गेणबांना तेवीस तास झाले. स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलेले, हाक मारली की दचकतात. सर म्हणाले, सोड. मी नाही म्हणणार होते. खरंच म्हणणार होते. बोट विश्रांतीवर गेलं.

गाडी गेटबाहेर पडताना बघितलं — गेणबा एकटेच आले होते — शेजारच्या सीटवर माणूस. लाल डोळे. माझ्याकडंच वळून —

सरांना सांगितलं. ते म्हणाले, घरी जा.

पाऊण तास झाला. गेणबा फोन उचलत नाहीत. पोलिसांना लावला, सगळं सांगितलं, रामहरींचंही, माझं नाव, माझी खोटी नोंद, सगळं. गाडी अडवतो म्हणाले. कुठवर पोचली विचारतात. मला काय माहीत —

परत लावते गेणबांना. वाजतोय.

उचलला. गेणबा, गाडी बाजूला घ्या, मी खोटं लिहिलंय, तुम्ही झोपला नाही —

बोलत नाहीत. इंजिन चालू आहे, वेगात. आणि जवळच कुणीतरी संथ घोरतंय.