दे टाळी

रविवार, संध्याकाळी साडेसात. डोंबिवली.

ठाण्याच्या बोलिंग स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाहेर. त्याचं काही नाही. निघताना 'बोलिंग' ऐकून शेजारच्या वहिनींनी विचारलं, "या वयात क्रिकेट?" त्याचंही काही नाही. पण तो हात...

चौथ्या वेळी बॉल टाकला आणि दहाच्या दहा पिना आडव्या! माझ्या आयुष्यात पहिल्यांदा. मी मूर्खासारखी हात वर करून गर्रकन मागे वळले. सवयच ती. ऑफिस सुटल्यावर सुनंदा आणि मी खेळायला जायचो, तेव्हा एक पिन पडली तरी ती ओरडायची, "दे टाळी!" रिटायर होऊन ती नागपूरला लेकीकडे गेली, हे त्या क्षणी विसरलेच. मागे रिकामी खुर्ची, तिच्यावर माझी पर्स. मग वर गेलेला हात केसांवरून फिरवला. कुणी पाहिलं असेल का?

घरी आल्या आल्या तिला फोन केला.

"किती पडल्या गं?"

"सगळ्या! एकदम!" म्हटलं, आणि थांबले. आता म्हणेल.

"अरे वा! थांब हं, नात रडतेय. नंतर करते."

फोन कट झाला. बघते तर माझा दुसरा हात पुन्हा वर.