नदीच्या इमारतीतला मुक्काम

१९ ऑगस्ट, मंगळवार

काम मिळालं! भिंतीचं. शिडीवर चढून प्लास्टिकच्या रंगीत पकडी भिंतीला आवळायच्या, मग पोरं त्या धरून वर चढणार. कंटाळली की सगळ्या उतरवायच्या, धुवायच्या, नव्या वाटा लावायच्या. याचे पैसे देतात!

विद्यापीठाची नवी इमारत म्हणजे काय सांगू. खाली पोहायचा तलाव आणि त्याच्याभोवती गोल फिरणारी गरम पाण्याची नदी. खरंच नदी! टायरात बसायचं, वाहत राहायचं, फिरून तिथेच यायचं. वर व्यायामाची यंत्रं, फळांचा रस, अभ्यासाला असे सोफे की बसलेला माणूस दिसेनासा होतो. आणि तीन मजले उंच माझी भिंत. गावाबाहेर खरा कडा उभा आहे — फुकट, शिवाय वर पोचलं की ससाणे दिसतात. काल एक अगदी डोक्यावरून गेला. तिथे मी एकटीच होते.

इमारत सांभाळणाऱ्या प्रुइटबाईंनी विचारलं, "शिक्षण कुठवर?"
म्हटलं, "हायस्कूल. जवळजवळ."
हसल्या. बाई बरी आहे.

खरं कारण ऑरिन. माझा धाकटा भाऊ, इथे औषधशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. आई म्हणाली, "डेल, तू कुठेतरी भटकणारच आहेस, तर जरा त्याच्या आसपास भटक."

२३ ऑगस्ट, शनिवार

ऑरिनला भेटले. वाळलाय. खोली दाखव म्हटलं तर म्हणे, "खोलीतल्या मुलाला गालगुंड झालंय." मग पीच-पाय खायला घेऊन गेला — पीच भरून भाजलेला गोड पदार्थ, वर वितळतं आइस्क्रीम. मी खोलीचं विसरूनच गेले. व्हॅनमध्ये, म्हणजे माझ्या घरी, परत आल्यावर आठवलं. गालगुंड? या वयात?

२७ ऑगस्ट, बुधवार

भिंतीवरच्या पिवळ्या पकडींच्या वाटेचं नाव ठेवलं 'गालगुंड'. चढताना गाल फुगतातच. प्रुइटबाईंना नाही आवडलं.

४ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी लवकर पकडी धुवायला गेले. धुवायची जागा अभ्यासाच्या दालनामागे. शेवटच्या सोफ्याखाली बूट दिसले, नीट जोडून ठेवलेले. आत मोजे, मोज्यांवर दात घासायचा ब्रश. आमच्या घरात बूट असे एकच माणूस ठेवतो.

"ऑरिन! इथे काय करतोयस?"
"झोपलो होतो. तू उठवलंस."
"आणि खोली?"
"सोडली. जूनमध्येच."
"गालगुंडवाला मुलगा?"
"असला कोणी नाहीच. पीच-पाय छान होता ना पण?"

मला हसूच आलं नाही. खोलीचं भाडं वाढलं, त्यात या इमारतीचं शुल्क लागू झालं. ते सगळ्यांनाच भरावं लागतं, पोहा नाहीतर न पोहा. दोन्ही मिळून झेपेना. मग याने काय करावं? शुल्क ठेवलं, खोली सोडली! म्हणे, "खोलीत राहिलो असतो तर इमारत फुकट गेली असती. आता बघ — आंघोळीला गरम पाणी, कपडे ठेवायला कपाट, दिवसरात्र दिवे. अख्ख्या विद्यापीठात दिलेल्या पैशाचं पुरेपूर मीच वसूल करतोय."

"ही काय राहायची जागा आहे?"
"तू व्हॅनमध्ये राहतेस, डेल."
"मी हौसेने राहते!"
त्यावर मोजे चढवू लागला. मग म्हणाला, "आईला सांगू नकोस."

आणि मी हो म्हटलं. का म्हटलं?

५ सप्टेंबर, शुक्रवार

झोप नाही. पहारेकऱ्याने पकडलं तर? नाव काढून टाकतील? का नुसती ताकीद? विचारावं तरी कुणाला, विचारलं की कळणारच.

९ सप्टेंबर, मंगळवार

व्हॅनमध्ये ये म्हटलं. नाही म्हणाला. "तुझ्या व्हॅनला मोज्यांचा वास येतो, आणि वाचायला टेबल नाही." दोन्ही खरं. शिवाय ऑक्टोबरात पश्चिमेला जायचं मी केव्हाच ठरवलंय. तिकडे वाळवंटातले लाल खडक, थंडीत कोरडे... त्याने तेही ऐकवलं. "तू गेलीस की मग? व्हॅन काय टपालाने पाठवशील?"

१४ सप्टेंबर, रविवार

आईचा फोन. त्याच्या खोलीसाठी गोधडी शिवतेय. "पलंग केवढा आहे गं त्याचा? एकाचा की मोठा?"
म्हटलं, "लांबुळका."
"लांबुळका म्हणजे?"
"आई, रेंज जातेय."

आई शाळेची बस चालवते. पोरांच्या थापा तिला आरशात दिसतात. माझी फोनवर दिसली असेल का?

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज प्रुइटबाईंशी वादच घातला. मीच सुरू केला. म्हटलं, एवढी नदीबिदी कशाला? यात किती पोरांच्या खोल्या झाल्या असत्या!

बाई चिडल्या नाहीत. बाटलीतलं पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "डेल, तीन वर्षांपूर्वी पोरं कमी होत चालली होती. पोरं कमी म्हणजे मास्तर कमी, मास्तर कमी म्हणजे विषय बंद. संगीत बंद झालं, जर्मन बंद झालं. आता गावोगावची पोरं आईबापांना घेऊन बघायला येतात. प्रयोगशाळेपाशी जांभया देतात आणि नदीपाशी फोटो काढतात. मी काय करू? प्रयोगशाळेत नदी सोडू?"

ऑरिनला सांगितलं तर खाली मान घालून म्हणाला, "मीसुद्धा या नदीचं चित्र बघूनच अर्ज भरला होता, इमारत व्हायच्या आधी."
"तुला पोहता येत नाही!"
"चित्रात कोणीच पोहत नव्हतं."

२२ सप्टेंबर, सोमवार

वाईट झालं. फार वाईट.

दारातून आत येताना पोरं कार्ड लावतात, त्याची नोंद प्रुइटबाईंच्या संगणकात होते. आज मला हाक मारून बोलावलं. "इकडे ये, बघ हा मुलगा! सकाळच्या वर्गानंतर, दुपारी, संध्याकाळी. शनिवार-रविवार सोडत नाही! असा उत्साही विद्यार्थी मी पाहिला नाही."

पडद्यावर नाव: ऑरिन लॅफर्टी.

"लॅफर्टी... तुझा कोणी?"
"भाऊ."
"अरे वा! म्हणजे रक्तातच आहे!"

पालकांच्या मेळाव्याला, अकरा ऑक्टोबरला, इमारतीचं रीतसर उद्घाटन आहे. तेव्हा व्यासपीठावर बोलावून ऑरिनचा सत्कार करणार. सगळ्यात उत्साही विद्यार्थी! अख्ख्या इमारतीत तो एकच यंत्र वापरतो — केस वाळवायचं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

त्याला सांगितलं. आधी हसत सुटला, मग पांढरा पडला.
"मी नाही म्हणून कळवतो."
"मग का नाही ते विचारतील."
"आजारी पडतो."
"आता काय होणार? गोवर?"

३० सप्टेंबर, मंगळवार

बरी बातमी लिहायलाच हवी. रसायनाच्या परीक्षेत पहिल्या पाचांत आला! कागद माझ्या नाकासमोर नाचवत होता. गेल्या वर्षी, खोली होती तेव्हा, हाच विषय कसाबसा सुटला होता. "तिथे शेजारी रोज ढोल बडवायचा. इथे शांत असतं, डेल."

मग काय म्हणायचं आता? इमारत चांगली? पण इमारतीमुळेच तर खोली गेली. विचार करून डोकं दुखलं, खडकावर गेले. चढताना यातलं काही आठवत नाही. उतरल्यावर सगळं होतं तिथेच.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

भांडलो. मी म्हटलं, चल माझ्याबरोबर पश्चिमेला, एक वर्ष थांबव हे, पैसे साठव, मग ये परत.

तो इतका चिडलेला मी कधी पाहिला नव्हता. आवाज मात्र खालीच. "घरातून जो निघाला तो 'मग येतो' म्हणूनच निघाला. बाबा तसेच गेले. तू शाळेतून तशीच. मला एकदा एका जागी थांबून बघू दे ना! जागा कसली का असेना!"

मी पकडी आवळत बसले. दोन उलट्या लावल्या.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आता हे नवीन! प्रुइटबाई म्हणाल्या, वीजबिल फार येतंय. मेळावा झाला की वीस तारखेच्या सोमवारपासून इमारत रात्री बंद. "मध्यरात्रीनंतर दाराला एक कार्ड लागत नाही. दिवे कुणासाठी जाळायचे?"

जो आधीच आत आहे तो दाराला कार्ड कसं लावणार! जिभेवर आलं होतं. गिळलं.

ऑरिनला सांगितलं. "बरं," म्हणाला, आणि पुस्तकाचं पान उलटलं. पण मग बराच वेळ दुसरं पान उलटलं नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आई येतेय. बसवाल्यांकडून सुट्टी काढली. "सत्कार म्हणजे काय! आणि गोधडी झालीये, त्याच्या पलंगावर माझ्या हाताने घालते." सकाळपासून काही खाल्लं नाही — नाही, एक बिस्किट, इथला तो मऊ पाव, रश्श्याबरोबर खाल्लं. दोन.

११ ऑक्टोबर, शनिवार

लिहून काढते, नाहीतर झोप नाही.

आई लिपस्टिक लावून आली होती. पिशवीत गोधडी. येताच म्हणाली, "आधी खोली." ऑरिन म्हणाला, "आधी सत्कार." मी म्हटलं, "आई, नदी बघ!" तिने नदीकडे पाहिलं. "पाणी जातं कुठे?" "कुठेच नाही." "मग नदी कसली?" आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली, पिशवी मांडीवर.

भाषणं, टाळ्या. प्रुइटबाईंनी ऑरिनला वर बोलावलं, सदरा दिला, बाटली दिली. मग ध्वनिक्षेपक त्याच्या तोंडापुढे धरला! हे ठरलं नव्हतं. "ऑरिन, सांग बरं सगळ्यांना — तू सारखा इथेच कसा काय असतोस?"

तो माझ्याकडे बघत होता. मी मान हलवत होते, नाही, नाही. काहीतरी सांग रे, भिंत आवडते म्हण, रस आवडतो म्हण...

"मी इथे राहतो," तो म्हणाला.

हशा! केवढा हशा! पालक टाळ्या पिटतायत, कोणी शिट्टी मारली. प्रुइटबाई आनंदाने लाल. "ऐकलंत? हेच तर आम्हाला हवं होतं! पोरांना इथून हलावंसंच वाटू नये!"

ऑरिन हसला नव्हता. आईसुद्धा नाही. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, बसच्या आरशात पोरांकडे बघते तशी.

बाहेर गाडीपाशी तिने एवढंच विचारलं, "कधीपासून?"
"जून. सोफ्यावर झोपतो."
माझ्याकडे वळली. "आणि तुला माहीत होतं."
"घरी चल," ती त्याला म्हणाली.
"नाही, आई. परीक्षा द्यायच्यात."
ती गाडीला टेकली. मग त्याची कॉलर नीट केली, गोधडी त्याच्या हातात दिली. "जाड आहे. सोफ्यावरून घसरेल. खाली खोचून घे."
आणि गेली. मागे वळून न बघता, बसवाल्या बाईसारखी सरळ.

१३ ऑक्टोबर, सोमवार

दारात त्याचा फोटो लावलाय, माणसाएवढा. खाली ठळक अक्षरांत — "मी इथे राहतो!" उद्गारचिन्ह त्यांनी घातलं. तो तर साधंच बोलला होता.

पश्चिमेला जाणं मी पुढे ढकललं. किती पुढे, माहीत नाही. व्हॅनमध्ये टेबल बसवता येतं का बघतेय. येत नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आज त्या फोटोखाली एक मुलगी कितीतरी वेळ उभी होती. ऑरिन आला तशी त्याच्याजवळ गेली. मी शिडीवर, खाली सगळं ऐकू येत होतं.

"त्या दिवशी सगळे हसले म्हणून मीही हसले," ती म्हणाली. मग आणखी हळू — "सोमवारपासून तू कुठे जाणार आहेस? वरच्या मजल्यावर आम्ही चौघं राहतो."