मासिनाचा खर्जातला आवाज

मासिना,

अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवून झाकून ठेवली आहेत, खाऊन घे. घसा दुखायचं सोंग आता पुरे. घसा दुखणारी मुलगी न्हाणीघरात एवढ्या खर्जात गात नाही.

"मुलीच्या गळ्याला हे शोभत नाही, चर्चमध्ये नुसते ओठ हलव," असं गायनमास्तर इओसेफो तुला म्हणाला, हे आज तुझ्या बाबांनी मला हसत हसत सांगितलं. तू मान डोलावलीस, याचा मला जास्त राग आला. असा आवाज या बेटावर दुसऱ्या मुलीला नाही, आणि तो देताना देवाने इओसेफोला विचारलं नव्हतं. खर्जात गाणाऱ्या मागच्या रांगेतले निम्मे पुरुष प्रार्थनेनंतरच्या जेवणासाठी येतात. त्यांना सूर सापडेपर्यंत गाणं संपतं, पण त्यांना कुणी गप्प करत नाही.

मी इओसेफोकडेच चालले आहे. पांढरा झगा इस्त्री करून ठेवलाय. उद्या तो घालून मागच्या रांगेत, बाबांच्या शेजारी बस. त्यांना सरकायला सांग. नुसते ओठ हलताना दिसले, तर भर चर्चमध्ये उठून मी गाणं थांबवीन आणि पहिल्यापासून म्हणायला लावीन.

लुपेआत्या