डॉल्फिनचं गर्भाशय

आई, गेल्या आठवड्यात ओडिशाच्या किनाऱ्यावरून माझ्याकडे एक बरणी आली. तिच्यात डॉल्फिन मादीचं गर्भाशय होतं. ती वाळूवर मेलेली सापडली. तिथल्या जनावरांच्या डॉक्टरने पोट उघडलं तेव्हा गर्भाशयाच्या तोंडाशी फुलकोबीसारखी गाठ दिसली, म्हणून त्याने ते तपासायला इथे रायपूरला पाठवलं. समुद्र आपण दोघींनी कधी पाहिला नाही, आणि मी हे काम करते हेही तुला ठाऊक नाही. आज त्या गाठीची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. कॅन्सर आहे. तुला झाला होता त्याच जातीचा.

तुला झाला तेव्हा रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं, भोपाळहून फायलींचे ट्रक येत होते आणि तू ऑफिसात दिवसभर उभी राहून त्या लावत होतीस. घरी आलीस की गडद साडीच नेसायचीस, खुर्चीवर घडी केलेलं जुनं लुगडं घालून बसायचीस. मी जनावरांच्या डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला. गाईच्या पोटात हात घालून गर्भाशय चाचपायला शिकत होते आणि सुट्टीत बुढापारा वस्तीतल्या आपल्या दोन खोल्यांत तुझ्याच शेजारी झोपत होते. एका रविवारी तू भाजी फोडणीला टाकता टाकता ओट्याशी कोसळलीस. फरशीवर रक्त. तुला उठवायला गेले तर तू पदराने फरशी पुसत होतीस. ‘‘काही नाही, उन्हाचं हाय. बाबाले सांगू नको,’’ म्हणालीस. मी सांगितलं. दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंनी तपासलं आणि इतके दिवस काय करत होता म्हणून बाबांनाच विचारलं. अंगावरून कधीपासून जातं, हे तू त्या दिवशी पहिल्यांदा बोललीस. वर्ष उलटून गेलं होतं. रेडिएशनचे शेक दिले, केमो दिली, केस गेले, पाय सुजले. शेवटी शेवटी तुझा एकच प्रश्न असायचा, ‘‘काहून झालं असन मले हे?’’ दिवाळीच्या आधी तू गेलीस.

आज संध्याकाळी ओडिशाच्या त्या डॉक्टरचा फोन आला. कोळ्यांनी ती बरेच दिवस किनाऱ्याजवळ, हळूहळू पोहताना पाहिली होती, म्हणाला; वाळून गेली होती. मग त्याने विचारलं, ‘‘दीदी, कुछ हो सकता था क्या?’’ मी नाही म्हटलं. भर समुद्रात कोण तिला तपासणार होतं? एखाद्या विषाणूने झालं असावं, पण तेही खात्रीने सांगता येत नाही. माझ्या रिपोर्टाने दुसरी एकही डॉल्फिन वाचणार नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. पाठवता आलं असतं तरी तू ते न उघडता तांदळाच्या डब्याखाली सारलं असतंस. आजवर कुणाला सांगितलं नाही, तुला सांगते. तिला बोलता येत नव्हतं, आई. तुला येत होतं. मला तुझा अजून राग येतो.